खाऱ्या विहिरीची माती

सिरसाट सरांना जेवायला बोलावायचं म्हणजे चार वाट्या जास्तीच्या घासून ठेवायच्या. अकोल्याच्या आमच्या कॉलेजात ते मायक्रोबायोलॉजी शिकवत. उंच, काटकुळे, आणि पांढऱ्या शर्टाच्या बाह्या अकोल्याच्या मे महिन्यातही मनगटापर्यंत बंद. निरोप समारंभाला आम्ही विद्यार्थी रोडगे आणि वांग्याची भाजी करायचो. गोवऱ्यांवर भाजलेला रोडगा चुरायचा, त्यावर वरण ओतायचं, तूप सोडायचं, भाजी त्यातच ओढायची आणि मनगटापर्यंत हात भरवून जेवायचं, ही आमच्या वऱ्हाडाची रीत. सर आधी कोरडा रोडगा खात. मग वाटीतलं वरण पीत. मग भाजी. सर्वांत शेवटी तूप, तेही चमच्यानं, औषध घेतल्यासारखं.

"एकाची चव दुसऱ्यात गेली का मंग समजत नाई कोनाचं काय हाय," ते म्हणत.

शेजारी रशीद सर बसलेले असत. ते वनस्पतिशास्त्राचे, मूळ अकोटचे, ठेंगणे आणि गोल. बुरश्यांवर त्यांचं असं प्रेम की शिळ्या पोळीवर हिरवा ठिपका दिसला तर ते आधी भिंग काढत. सरांचं जेवण बघून ते कपाळाला हात लावत. "अरे सिरसाट, पेट में जाके तो सब मिलनाच है ना. वहां क्या दीवार बांधेगा?"

"पोटात मी पाहाले जात नाई, रशीदभाई," सर म्हणत आणि पुढची वाटी ओढत.

सर यंदाच्या उन्हाळ्यात गेले. कॉलेजच्या ग्रुपवर पन्नास जणांनी हात जोडलेली चित्रं टाकली, दोघातिघांनी 'कडक शिस्तीचे शिक्षक' असं लिहिलं. ते खरंच आहे. पण शेवटची काही वर्षं सरांना कशाची तळमळ होती हे त्या ग्रुपवर कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना स्वतःच्या हातानं नष्ट केलेली एक प्लेट पुन्हा उभी करायची होती, आणि तिच्या जोरावर एका मित्राला बोललेला एक शब्द परत घ्यायचा होता.

प्लेट म्हणजे काचेची झाकणाची बशी. तिच्यात खाद्याचा थर ओतून जंतू वाढवतात. सरांचं सगळं आयुष्य त्या बशीत गेलं. पहिल्या तासाला ते खिशातून कॅप्सूलची पट्टी काढून वर धरत. "हे काय हाय? औषध? नाई. हे भांडन हाय. मातीत एक जंतू दुसऱ्याच्या जिवावर उठते, त्यासाठी जहर बनवते. आपन त्यायच्या भांडनातलं हत्यार उचलून आनलं अन् त्याले औषध म्हनलं. आता जुन्या हत्याराले कोनी भीत नाई. मंग काय करा लागीन? पुन्हा मातीत जा लागीन, पुन्हा भांडन पाहा लागीन."

त्यामुळे बाकीच्या प्राध्यापकांना दिवाळीनंतर फराळाचे डबे मिळत आणि सिरसाट सरांना माती. जो विद्यार्थी गावाला जाईल त्यानं मूठभर माती आणायची, हा नियम. चिखलदऱ्याच्या कॉफीच्या झाडांखालची लाल माती, अकोटच्या जिनिंगमागची सरकी कुजलेली माती, कोणाच्या गोठ्यातली, कोणाच्या शेताच्या धुऱ्यावरची. त्या मातीतून जंतू काढायचे आणि एकेक वेगळा करायचा. तारेचं टोक ज्योतीवर लाल करायचं, गार होऊ द्यायचं आणि प्लेटवर रेघा ओढत ओढत गर्दी विरळ करत न्यायची, शेवटी एकाच जातीचा एकटा ठिपका उरेपर्यंत. सरांच्या रेघा रांगोळीसारख्या सुबक असत. "गर्दीत कोनाचाच सभाव समजत नाई," ते सांगत. "पयले एकट्याले बाजूले घ्या, मंग विचारा."

एकदा रशीद सर दारातूनच ओरडले, "अकेले में तो सब शरीफ रहते, मियां! पडोसी आया के असली रंग दिखता."

आम्ही हसलो. सरही हसले. तो विनोद नव्हता हे सरांना कळायला पुढे फार वर्षं लागली.

तसे दोघे एकमेकांवाचून राहत नसत. एकदा आम्हा एमएस्सीच्या चार-पाच जणांना घेऊन ते भातकुलीकडे सरांच्या मूळ गावी गेले. तो सगळा खारपाणपट्टा; जमिनीखालचं पाणीच खारट. गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, आणि तिच्यावर सरांच्या आज्याला पाणी भरू देत नसत. त्यांच्या वस्तीच्या वाट्याला आली होती ती गावाबाहेरची खारी विहीर. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या सुमारास आज्यानं गाव सोडलं आणि तो अकोल्याला जिनिंगवर कामाला लागला. सरांनी हे सगळं विहिरीच्या काठावर उभं राहून, खडूनं फळ्यावर लिहावं तसं कोरडं सांगितलं. रशीद सरांनी ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात धरलं आणि थुंकून टाकलं.

"या खुदा! ये पीके तेरा खानदान जिंदा रहा?" मग त्यांनी काठावरची पांढुरकी माती बोटांत चुरली. "सिरसाट, इसमें जो जीता होगा ना, वो बडा जिद्दी होगा. इसीकोच ले चल."

परतीच्या एसटीत मातीची पिशवी सरांच्या मांडीवर होती. वर चिठ्ठी, आत मऊ कापड. पलीकडच्या सीटवरच्या म्हातारीला राहवेना.

"कोन्या बाबाची माती हाय जी?"

"बाबाची नाई, माय. विहिरीची."

"गुन येते काय?"

सरांनी पिशवीची गाठ घट्ट केली. मग म्हणाले, "येईन. अजून सापडलं नाई."

म्हातारीनं हात पुढे केला. सर काही बोलायच्या आत रशीद सरांनी पिशवी सोडून तिला चिमूटभर दिली. तिनं ती कपाळाला लावली. सरांनी घाईघाईनं खिशातला स्पिरिटचा बोळा काढला आणि अमरावती येईपर्यंत ते तिला हात पुसून घ्यायला विनवत राहिले.

सरांच्या लॅबमध्ये एक शब्द बंद होता. एका तोंडी परीक्षेत 'कंटॅमिनेशन' मराठीत सांगायला लावलं तेव्हा एका मुलानं सहज म्हटलं, "विटाळ, सर." सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लागन म्हना, भेसळ म्हना. हा शब्द या खोलीत आनाचा नाई. याच्यापायी माह्या आज्यानं खारं पानी पेलं." मुलगा रडवेला झाला. सरांनी त्याला पास केलं, पण तो शब्द नंतर आमच्यापैकी कोणाच्या जिभेवर आला नाही.

आणि तरीही तो एकदा त्या खोलीत उच्चारला गेला.

खाऱ्या विहिरीच्या मातीची प्लेट सकाळी इनक्युबेटरमधून, म्हणजे जंतू वाढवायच्या उबदार पेटीतून, निघाली तेव्हा मी तिथंच होते. प्लेटभर सरांनी जखमेत पू करणारा एक हट्टी जंतू मुद्दाम पसरला होता. तो एका दवाखान्यातून आणलेला, बहुतेक औषधांना न जुमानणारा. त्याच्यावर मातीचं पाणी शिंपडलेलं. सगळीकडे तो हट्टी जंतू दुधाच्या सायीसारखा दाटलेला आणि एका बाजूला मात्र स्वच्छ, आरपार दिसणारं गोल रिंगण. रिंगणाच्या मधोमध एक पिवळसर ठिपका आणि त्याला खेटून राखाडी बुरशीचा एक झुबका. म्हणजे त्या दोघांच्या आसपास हट्टी जंतू जगू शकत नव्हता. सरांनी प्लेट उजेडाकडे धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

रशीद सर धावत आले. झाकण उघडून त्यांनी बुरशीचा कण सुईनं उचलून आपल्या नळीत घेतला आणि मग नुसते बघत बसले. "रहने दे," ते म्हणाले. "आज हाथ मत लगा. दोनों को साथ रहने दे. कल तक देखते, क्या करते."

पण सरांचा नियम होता. बुरशी शिरलेली प्लेट दुसऱ्या दिवशी ठेवायची नाही. आधी जंतू वेगळा काढायचा, बुरशी ही लागण, ती नष्ट करायची. त्यांनी पिवळा ठिपका अलगद उचलला, नव्या प्लेटवर सुबक रेघा ओढल्या आणि जुनी प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे लॅबच्या त्या मोठ्या कुकरमध्ये, टाकली. शिट्टी झाली. प्लेटचा विषय संपला.

पिवळा जंतू एकटा छान वाढला. शुद्ध, देखणा. फक्त त्याच्याभोवती रिंगण आलं नाही. दुसऱ्यांदा नाही, दहाव्यांदाही नाही. सर रात्रंदिवस त्याच्या मागे लागले. खाद्य बदललं, उष्णता बदलली. काही नाही. तिकडे रशीद सरांची बुरशीही एकटी गुमान वाढत होती, तिच्याभोवतीही रिंगण नव्हतं. एक दिवस ते म्हणाले, "दोनों को फिर मिला के तो देख, यार."

सर वैतागलेले होते, हरलेले होते, आणि आम्ही सगळे विद्यार्थी समोर होतो. ते फिरले आणि म्हणाले, "तुमीच झाकन उघडलं. तुमच्या बुरशीनं माह्या प्लेटीले विटाळ केला."

झाकण उघडण्याआधीच बुरशी तिथं होती, हे मी पाहिलं होतं. सरांचा चेहराच सांगत होता की तो शब्द त्यांनाही आत्ताच ऐकू आला. रशीद सरांनी पेनचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं. "अच्छा," एवढंच म्हणाले आणि गेले. पुढच्या सत्रात त्यांनी संस्थेच्या अकोटच्या कॉलेजात बदली मागून घेतली.

अकोल्याहून अकोट एसटीनं किती, दीड तास. सर गेले नाहीत. आधी अभिमान आडवा आला आणि मग शरम. अभिमान वयानं निवतो, शरम मात्र व्याजासारखी वाढत जाते.

निवृत्तीनंतर सर अमरावतीला मुलाकडे राहायला आले. तिथं माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. ते दर आठवड्याला यायचे, स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन. पेला स्पिरिटनं पुसायचे, त्यात चहा ओतून घ्यायचे आणि माझे रिपोर्ट वाचायचे. जखमेतला जंतू कोणत्या औषधानं मरतो हे आम्ही तपासतो. मरत असेल तर औषधापुढे 'एस' लिहितो, जुमानत नसेल तर 'आर'. अलीकडे वरपासून खालपर्यंत आर असलेले कागद निघतात. सर बोट फिरवत जायचे. आर, आर, आर.

"याचा पाय कापतीन काय वं, वर्षा?"

"बहुतेक, सर."

ते कागद उलटा ठेवायचे. "आपल्यापाशी होतं," एवढंच म्हणायचे.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला तर त्यांनी वीट आणला होता. कोणी सर्दीसाठी 'दोन भारी कॅप्सूल द्या' म्हणालं की सर मागून येत. "काहून बाप्पा, दोनच काहून? दोन घेतल्या का जंतू मरत नाई, शिकून जाते." दुकानदार मला फोन करायचा, मॅडम, सरांना घेऊन जा.

मग एक दिवस ते आले तेव्हा हातात इंटरनेटवरून काढलेला एक छापील लेख होता आणि पेला घरी विसरला होता. पेला विसरलेले सर मी पहिल्यांदाच पाहत होते. ते माझ्यासमोर बसले. जंतूंना एकटं वाढवलं तर त्यांची पुष्कळशी हत्यारं झोपलेली राहतात, असं त्या लेखात होतं. शेजारी दुसरा आला, त्याची चाहूल लागली, तरच काही जहरं बनतात. म्हणून आता नवी औषधं शोधणारे लोक जंतूंना मुद्दाम जोडीनं वाढवतात.

"रशीदभाई दारात उभे राहून हेच सांगत होते," सर म्हणाले. "पडोसी आया के असली रंग दिखता. अन् मी हसलो. आयुष्यभर पोट्ट्यायले शिकवलं, एकट्याले बाजूले घ्या. एकट्याले घेतलं म्हूनच तो मुका झाला."

"सर, फोन लावू रशीद सरांना?"

"नको."

"मग अकोटला जाऊ. मी येते."

"खाली हातानं कसा जाऊ वं? त्यायच्यापाशी बुरशी असन-नसन. मी पयले त्या विहिरीवरून पुन्हा माती आनतो. ते जोडपं पुन्हा काढतो. ते रिंगन त्यायच्यासमोर ठेवतो अन् मंग म्हनतो, तुमी बरोबर होते, मी तो शब्द वापस घेतो. नुसत्या तोंडानं काय वापस घ्याचा? तोंडानंच तर गेल्ता."

मला त्यांचा फार राग आला. तोंडानं गेलेला शब्द तोंडानंच परत येतो, त्याला पुरावा कशाला लागतो? मी तसं बोलूनही दाखवलं. पण सर पडले शास्त्राचे मास्तर. पुराव्याशिवाय ते कोणाची माफीसुद्धा मागणार नव्हते. त्या वयात ते भातकुलीच्या एसटीत बसून खाऱ्या विहिरीवर जात राहिले. पावसाआधीची माती, पावसानंतरची माती, काठाची, तळाची. माझ्या लॅबच्या एका कोपऱ्यात त्यांच्या प्लेटांची चळत वाढत गेली. मातीत जंतू कोट्यवधी. गेलेली जोडी पुन्हा सापडणं म्हणजे जत्रेत हरवलेलं माणूस पुढच्या वर्षीच्या जत्रेत शोधणं. सापडली नाही.

आणि मग अकोटहून बातमी आली. रशीद सर झोपेतच गेले होते.

आम्ही चौथ्या दिवशी गेलो. रशीद सरांची मुलगी शबाना तिथंच शाळेत शिकवते. तिनं दार उघडलं आणि सरांना पाहताच डोक्यावर ओढणी घेतली. "सिरसाट चाचा," ती म्हणाली. तिनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं; मनगटापर्यंत बंद बाह्यांवरून ओळखलं. तिनं पाणी आणलं. सरांच्या पिशवीत स्टीलचा पेला होता, तो पिशवीतच राहिला. त्यांनी तिच्या हातचा ग्लास घेतला आणि एका दमात संपवला.

मग ती आतून एक चहाचा जुना डबा घेऊन आली. आत कापसात गुंडाळलेल्या नळ्या, आणि नळ्यांत तीच राखाडी बुरशी. "अब्बा हर मौसम में इसको नया खाना देते थे. मैं बोलती, रिटायर हो गए, अब तो फेंको. बोलते, मेरी नहीं है, अमानत है. सिरसाट आएगा."

सरांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. तिथं ते रडले नाहीत. अकोट स्टँडवर, शेंगदाणेवाल्यासमोर उभं राहून रडले. माणसं बघत होती आणि मला काय करावं ते समजेना.

पिवळा जंतू सरांनीही सांभाळून ठेवला होताच. दुसऱ्याच दिवशी माझ्या लॅबमध्ये त्यांनी प्लेट केली. हट्टी जंतू पसरला, आणि त्यावर एका बाजूला पिवळा आणि त्याला खेटून राखाडी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दोघांना आपल्या हातानं जवळ ठेवलं. झाकणावर तारीख घालून त्यांनी प्लेट त्या जुन्या सकाळसारखीच उजेडाकडे धरली.

प्लेट निघाली तेव्हा दोघंही भरघोस वाढलेले होते. एकमेकांना टेकलेले. आणि त्यांच्याभोवती, अगदी त्यांच्या कडेपर्यंत, हट्टी जंतू दुधाच्या सायीसारखा दाटलेला. रिंगण नव्हतं.

कारण मलाही कळत होतं, सरांनाही. नळीत आयतं खाणं मिळत गेलं, ना शेजारी ना वैरी, आणि पिढ्यामागून पिढ्या तशाच गेल्या की जंतू हत्यार बनवणं विसरतात. वापरच नाही तर कशाला बाळगतील? दोन मित्रांनी आपापला अर्धा हिस्सा इतक्या मायेनं सांभाळला होता की दोन्ही अर्धे निकामी झाले होते.

"इतकी वर्सं एकएकटे राह्यले," सर म्हणाले. "आता काय बोलतीन एकमेकायशी."

मग ते म्हणाले, "शबानाले फोन लाव." मी लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण सरांना कमी ऐकू येई.

"बेटा, मैं सिरसाट चाचा." सरांचं हिंदी अडखळत होतं. "वो नहीं बना. तेरे अब्बा सही थे, मैं गलत था. और एक बात. उस दिन मैंने उनको सबके सामने एक लफ्ज बोला था. तेरे को मालूम होगा. वो मेरे को वापस लेना है."

पलीकडून शबानाचा आवाज आला, खरंच न समजलेला. "कौनसा लफ्ज, चाचा? अब्बा ने तो कभी कुछ बताया नहीं. बस इतना बोलते थे, सिरसाट के साथ काम करने में मजा आता था."

सरांनी तोंड उघडलं. मी बघत होते. परत घ्यायचा तर आधी तो शब्द तिला सांगावा लागणार होता, जो तिच्या बापानं इतकी वर्षं घराच्या उंबरठ्याच्या आत येऊ दिला नव्हता. सरांचे ओठ हलले आणि मिटले.

"कुछ नहीं, बेटा," ते म्हणाले. "खाना खाया क्या तूने?"

फोन बंद झाला. मी सवयीनं उठले आणि ऑटोक्लेव्हमध्ये टाकायला प्लेट उचलली. सरांनी माझं मनगट धरलं. ते कधी कोणाला हात लावत नसत.

"आज हात नको लावू," ते म्हणाले. "राहू दे दोघायले संगं. उद्यापर्यंत राहू दे."

मी प्लेट पुन्हा आत ठेवली आणि इनक्युबेटरचं दार लावलं.